विषम आकडे

२ डिसेंबर २०२४, सोमवार. उमरी

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी आज कांदे पाण्यावर ठेवले. जुने, टणक, कोंब न फुटलेले निवडले. बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडली आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्यांच्या तोंडावर असे बसवले की नुसतं बूड पाण्याला टेकेल. जास्त बुडाला की कांदा सडतो आणि मग आठवडाभर प्रयोगशाळेत कुणी पाय ठेवत नाही. खिडकीतली रांग बघून शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, कांदा काय भावानं चालू हे, अन् तुम्ही पाण्यात घालालाव?"

पोरांना पेशीविभाजनाच्या पायऱ्या तोंडपाठ आहेत. प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. निम्मा वर्ग रविवारी नांदेडला टेस्ट सिरीजला जातो, दोघंतिघं दहावीनंतर लातूरला राहून परत आलेत. पुस्तकाच्या कोणत्या पानावर कोणती ओळ आहे हेसुद्धा त्यांना माहीत असतं. मात्र विभागणारी पेशी प्रत्यक्ष बघितलीय का म्हटलं तर एकही हात वर आला नाही. नीटमध्ये त्याला मार्क नाहीत, हे त्यांनी न बोलता सांगितलं.

५ डिसेंबर, गुरुवार

मुळं दोन-अडीच सेंटिमीटरची झाली. सकाळीच टोकं कापून एक भाग ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये टाकली. कोमट हायड्रोक्लोरिक ॲसिडात मऊ केली, ॲसिटोकार्मिनने रंगवली. काचपट्टीवर टोकाचा एक-दीड मिलिमीटरचाच तुकडा घ्यायचा. विभाजन तिथेच चाललेलं असतं, वरचं मूळ फक्त लांबत असतं. कव्हरस्लिप ठेवायची, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा जरा सरकला की सगळा चिखल. पहिल्या तासाला बहुतेकांचा चिखलच झाला.

मग एकीच्या स्लाइडवर जमलं. बघून ती म्हणाली, "मॅडम, ह्यातल्या बऱ्याच तर झोपल्याच हैत." झोपलेल्या नाहीत, म्हटलं. त्या इंटरफेजमध्ये आहेत, आत डीएनएची दुसरी प्रत काढणं चालू आहे. पेशीचा बहुतेक वेळ या तयारीतच जातो, प्रत्यक्ष दुभंगायला थोडाच. पुस्तकातल्या चित्रात चारही पायऱ्या सारख्या आकाराच्या चौकटीत असल्यामुळे पोरांना वाटतं, चारही सारखाच वेळ घेतात. आज त्यांनी मोजलं तेव्हा दिसलं की ॲनाफेज शोधायला डोळे फोडावे लागतात.

मेटाफेजमधली एक पेशी छान पसरली होती. गुणसूत्रं मोजायला लावली. कुणाची चौदा आली, कुणाची अठरा. कांद्याची सोळा असतात. हसू नका म्हटलं. माणसाची किती, हे मोजताना जगातले जाणते लोक तीस वर्षं चुकत होते. १९२३ साली पेंटरने अठ्ठेचाळीस सांगितली आणि पुढे ज्याने त्याने मोजली त्याला अठ्ठेचाळीसच दिसली. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जो हिन चियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी सेहेचाळीस दाखवली, तेव्हा कुठे मिटलं. हा लेव्हान मुळात कांद्याच्या मुळांवर काम करणारा माणूस. १९३८ साली त्याने कांद्याच्या मुळांना कॉल्चिसिन देऊन काय होतं ते लिहिलं होतं. कॉल्चिसिनने गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे तयारच होत नाहीत. पेशी मेटाफेजलाच अडकते आणि मोजायला सोपी जाते. माणसाच्या पेशीवरही त्याने हीच युक्ती चालवली.

कॉल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीत असतं. श्रावणात बांधावरच्या काटेरी झुडपांतून लाल-पिवळी फुलं वर काढते ती. तिच्या कंदाला हात लावू नये, हे इथे प्रत्येक म्हातारीला माहीत आहे. मुलांना फूल माहीत होतं, औषधाचं नाव माहीत होतं, दोन्ही एकाच झाडाचं हे नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

शेतात कापसाची वेचणी. मी दुपारी भाकरी घेऊन गेले. ह्यांचं लक्ष आभाळाकडे, कारण ओल बारा टक्क्यांच्या वर गेली तर सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर गाडी परत फिरवतात. यंदा लांब धाग्याला हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल. खाजगीत त्याहून कमीच, पण तिथे रांग नाही आणि पैसे हातावर. जिनिंगच्या दारात उभं राहून हा हिशेब करणं म्हणजे उमरीचा डिसेंबर.

आत्याबाई बांधावर बसून सांगत होत्या, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी सगळा गावराणीच कापूस होता. बोंड लहान, धागा आखूड, पण पाऊस लांबला तरी झाड माना टाकत नव्हतं आणि फवारणी कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं. निजामाच्या काळापासून नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राची ओळख गावराणीवरच होती. गावराणी-६, १२, ४६ अशी वाणांची नावं. पुढे याच केंद्राने एनएचएच-४४ हा संकरित कापूस दिला आणि एक काळ सगळ्या मराठवाड्याने तो लावला. आता २००२ नंतरचं बीटी. गावराणी कुणाच्या बांधाला चुकून एखादं झाड असेल तर असेल.

भारत हा असा देश आहे की जिथे लागवडीखालच्या कापसाच्या चारही स्पेसीज पिकतात. गावराणी आणि तिची बहीण हर्बेशियम या जुन्या जगातल्या, गुणसूत्रं सव्वीस. अमेरिकन हिर्सुटम आणि लांब धाग्याचा बार्बाडेन्स यांची बावन्न. बावन्नवाल्या दोघांचं आपसात जमतं. धारवाडच्या कटारकींनी १९७२ मध्ये दिलेली वरलक्ष्मी या दोघांचीच. त्याच्या दोन वर्षं आधी सुरतेला सी. टी. पटेलांनी दिलेला एच-४ मात्र हिर्सुटममधल्या हिर्सुटमचाच संकर, आणि जगातला बाजारात आलेला पहिला संकरित कापूस.

सव्वीस आणि बावन्न यांचं जमत नाही. मुद्दाम करून एखादं रोप जगवलं तर त्यात एकोणचाळीस गुणसूत्रं येतात. झाड वाढतं, फुलतंसुद्धा. पण परागकण करताना पेशीला अर्धसूत्री विभाजन करावं लागतं, आणि त्याची सुरुवातच परीक्षेतल्या 'जोड्या लावा' प्रश्नासारखी असते. प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधायचा. एकोणचाळिसांतल्या सव्वीसांच्या तेरा जोड्या लागतात, कारण अमेरिकन कापसाचा अर्धा वारसा लाखो वर्षांपूर्वी आपल्या गावराणीच्या कुळातूनच गेलेला आहे. उरलेली तेरा बिचारी एकटी. ती कुठल्या बाजूला जातील याचा भरवसा नाही, म्हणून परागकण वांझ.

यावर उपाय कॉल्चिसिन. विभाजन अर्ध्यात अडवलं की एकोणचाळिसाचे अठ्ठ्याहत्तर होतात, प्रत्येकाला आपलाच जुळा भाऊ जोडीला मिळतो आणि झाडाला बी धरतं. निसर्गाने बावन्न केले तेव्हा कॉल्चिसिन नव्हतं. दोन तेरा-तेरांचा संकर कधीतरी आपोआप दुप्पट झाला, एवढंच. ह्यांना हे सांगत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं खरं, पर ओल किती भरंल ते सांग."

११ डिसेंबर, बुधवार

थंडी एकदम वाढली. मुदखेडकडून येणारी गाडी उशिरा, अपडाऊनवाले तीन शिक्षक पहिल्या तासाला नाहीत. त्यांचेही वर्ग मीच सांभाळले. गणिताच्या तासाला विषम संख्यांवरच बोलले, कुणाला फरक कळला नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

आज निळ्या गोळ्यांचा दिवस. आठवड्याला एक. साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. जेवणानंतर समोर उभं राहून गिळायला लावायची, असा नियम. मुली जिभेखाली धरतात आणि मागच्या नळावर थुंकतात. मळमळतं म्हणतात, आणि रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं हे खरंच आहे. काहीजणी सकाळी खेड्यावरून चहा-बटरवर निघालेल्या असतात.

एकीने विचारलं, लोहाचं कळतं, रक्त लाल व्हायला लोह लागतं, पण ते दुसरं कशाला? चांगला प्रश्न. पुस्तकात उत्तर एका ओळीत आहे आणि ती जीवनसत्त्वांच्या तक्त्यात आहे. पेशीविभाजन दुसऱ्याच प्रकरणात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. तास बाजूला ठेवून हेच सांगितलं.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत काढते हे परवा बघितलंत. त्या प्रतीचा एक घटक, थायमिन, तयार करायला फोलिक ॲसिड लागतं. ते कमी पडलं की प्रत पुरी होत नाही. पेशी वाढत राहते, पण दुभंगू शकत नाही. सगळ्यात आधी मार बसतो तो सगळ्यात घाईने विभागणाऱ्या पेशींना. आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. तिथे फोलिक ॲसिड संपलं की लहान, भरपूर पेशींऐवजी मोठ्या, अर्धवट, थोड्या पेशी निघतात. म्हणून लोह देऊनही न सुधारणारा एक ॲनिमिया असतो. आणि गर्भाची तर सगळी इमारतच विभाजनावर. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आत. म्हणून ही गोळी आधीपासून. "लग्न झाल्यावर बघू" हे इथे चालत नाही. एवढं म्हटल्यावर वर्गात खसखस पिकली, मुलगे खाली बघू लागले.

या ॲनिमियावर उपाय सापडला तो मुंबईत. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये आली. परळचं हाफकिन तिचं ठिकाण. गिरणगावातल्या गरोदर बायका फिकट पडून दगावत होत्या. त्या काय खातात, कुठे राहतात, हे तिने तपासलं. जंतू सापडला नाही. ज्यांच्या ताटात भाज्या-फळं नव्हती त्यांना हा रोग जास्त. मग तिने यीस्टच्या अर्काची स्वस्त काळी चटणी, मार्माइट, खायला घातली आणि बायका सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्या चटणीतला गुणकारी पदार्थ कोणता, हे पुढे दहा वर्षांनी अमेरिकेत टनावारी पालक पिळून वेगळा काढला तेव्हा कळलं. तोच हा फोलिक ॲसिड. तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या गटाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. आणि त्याच गटाने फोलिक ॲसिडची नक्कल करणारं, पेशीला फसवणारं औषध बनवलं. सिडनी फार्बरने ते १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना देऊन पाहिलं. विभाजनासाठी लागणारी गोष्ट अडवली की कर्करोगाची पेशीही अडते. गोळी आणि केमोथेरपी एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत, हे मला एमएस्सीला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर वाचून कळलं.

तास संपल्यावर दोघींनी नळाकडे न जाता गोळी गिळली. बाकीच्यांचं माहीत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

नांदेडला बोर्डाच्या कामासाठी गेले. येताना अर्धापूरची केळी घेतली. थंडीमुळे सालीवर काळपट छटा आली होती, म्हणून भाव पाडून मागितला. दिला नाही.

केळं हे विषम आकड्याचं सगळ्यात गोड उदाहरण. रानकेळीची गुणसूत्रं बावीस, आपल्या ग्रँड नैनची तेहतीस. अकराचे तीन संच. जोड्या लावायला गेलं की तिसरा मध्ये येतो. परागकण, बीजांड काही धड होत नाही, म्हणून बी नाही. रानकेळीत हरभऱ्याएवढ्या टणक काळ्या बिया असतात आणि गर नावाला. आपल्याला खायला मिळतं ते या बिघाडामुळेच.

बी नाही म्हणजे अर्धापूरचं आख्खं रान नुसत्या साध्या विभाजनाने उभं राहिलेलं. पूर्वी मुनव्यांनी, आता टिश्यू कल्चरच्या रोपांनी. एकाच्या पेशी दुभंगत दुभंगत लाखो झाडं, आणि सगळी एकाच साच्याची. एका झाडाला जो रोग लागला तो सगळ्यांना लागणार. १९५० च्या दशकात ग्रो मिशेल नावाचं केळं असंच बाजारातून उठलं, जमिनीतल्या बुरशीने. पनामा रोग. कॅव्हेंडिश त्या बुरशीला दाद देत नव्हती म्हणून जगाने ती धरली, आणि आपली ग्रँड नैन कॅव्हेंडिशच. आता बुरशीचीच नवी जात आली आहे, ती कॅव्हेंडिशलाही लागते. अर्धापूरच्या शेतकऱ्याला हे कुणीतरी हिशेबाच्या भाषेत सांगायला हवं, व्याख्यानाच्या नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आत्याबाईंच्या लहानपणी त्यांच्या गावात उन्हाळा आला की काही गडीमाणसांच्या मनगटापासून खाली आणि गळ्याभोवती कातडी काळी पडून भेगाळायची. पोट बिघडायचं, माणूस भ्रमिष्टासारखं वागायचं. देवाचं काहीतरी असेल म्हणून उतारे टाकायचे. वर्णन ऐकलं तर पेलाग्राच, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. पुस्तकात हा रोग मक्याचा म्हणून असतो. ज्वारीचाही असतो. हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं की ज्वारीत ल्युसिन जास्त असतं आणि ते नायसिनच्या कामात आडवं येतं. त्यावर पुढे वाद झाले, पण एवढं सगळ्यांना मान्य की नुसती ज्वारी खाणाऱ्यालाच ते भोवतं. ज्वारीसोबत वरण, ताक, भाजी असली तर काही होत नाही. त्या गड्यांच्या ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता.

आत्याबाई म्हणाल्या, "आता कुठं दिसतंय तसलं?" मग थोडं थांबून, "आता ज्वारीच कुठं दिसालीय."

२९ डिसेंबर, रविवार. माळेगाव

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, माहेरी अहमदपूरकडे चालले होते, वाटेत माळेगावला उतरले. यात्रेचा पहिला दिवस. खंडोबाची पालखी, भंडाऱ्याने पिवळी झालेली गर्दी, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जनावरं. लाल कंधारीची गडद तांबडी खोंडं एका बाजूला, त्यापलीकडे देवणी. देवणीत पुन्हा वानेरा, बाळंक्या, शेवरा असे ठिपक्यांवरून प्रकार. बघताक्षणी ओळखणारे लोक इथे आहेत, मला अजून विचारावं लागतं.

वर्गात दरवर्षी प्रश्न येतो, लाल कंधारी आणि देवणी वेगळ्या स्पेसीज का? नाहीत. दोघींची साठ गुणसूत्रं, वळू बदलला तरी कालवड होते आणि ती पुढे वितेही. म्हैस मात्र वेगळी, नदीकडच्या जातींची पन्नास. गाय-म्हशीचा संकर होत नाही. इथपर्यंत पुस्तक बरोबर चालतं. मग कुणीतरी विचारतं, जर्सीचं काय? युरोपातली गाय आणि वशिंडाची आपली गाय यांना पुष्कळ शास्त्रज्ञ दोन स्पेसीज मानतात, नावंही दोन लिहितात. नराच्या वाय गुणसूत्राचा आकारसुद्धा दोघांत वेगळा आहे. तरी त्यांची वासरं गावोगाव दूध देतायत. एर्न्स्ट मायरने १९४२ मध्ये दिलेली व्याख्या, आपसांत प्रजनन करून जननक्षम संतती देणारे ते एक स्पेसीज, ती या गोठ्यात येऊन अडते. मुलांना मी सांगते, व्याख्या पाठ करा, मार्क आहेत. पण दूध काढायला जाल तेव्हा व्याख्या घरी ठेवा.

गाढवांच्या बाजाराजवळ एक खेचर बांधलेलं होतं. उंच, गाढवापेक्षा चलाख कानांचं. मालक म्हणाला, ओझ्याला घोड्याहून बरं, खायला घोड्याहून कमी. घोडी चौसष्टची, गाढव बासष्टचं, बत्तीस आणि एकतीस मिळून खेचर त्रेसष्टचं. त्याला विचारलं, याला पिल्लू होतं का कधी? माझ्याकडे असं बघितलं की ही बाई शिकलेली दिसतेय तरी हे कसं विचारते.

३० डिसेंबर, सोमवार. अहमदपूरजवळ

येळवस. दादाच्या शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबिलाचे माठ. भज्जीत तुरीचे दाणे, पावटा, हरभरा, मेथी, जे जे हिरवं मिळेल ते सगळं. वहिनीने सोबत घोळाणा केला, हरभऱ्याचा कोवळा पाला कच्चाच, कांदा, तेल, तिखट. फोलिक ॲसिड पाण्यात उतरतं आणि उकळलं की बरंचसं जातं. भाजी उकळून पाणी ओतून देणाऱ्या घरात ते मोरीतून वाहून जातं. घोळाण्यात सगळं शाबूत. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "बाई, इथं तरी शाळा नका भरवू."

पलीकडच्या वावरात हळद. पाला पिवळा पडत चाललाय, पुढच्या महिन्या-दीड महिन्यात काढणी. दादाने एक गड्डा उपटून दाखवला. हळदीला बी असतं का, मी विचारलं. फूल येतं कधीमधी, तो म्हणाला, बी कुणी बघितलं नाही. बेणं ठेवतो तेच लावतो.

हळदीची गुणसूत्रं त्रेसष्ट. कालच्या खेचराइतकीच. भंडारा म्हणून काल ज्या खंडोबावर उधळली, त्याच्याच यात्रेत तेवढ्याच गुणसूत्रांचं खेचर उभं होतं! पण कारण वेगळं. हळदीत एकवीसाचे तीन संच आहेत, केळीसारखं, एकाच कुळातले तिघं दोघांच्या जागेवर भांडतात. खेचरात संच दोनच, पण एक घोड्याचा आणि एक गाढवाचा, आणि त्यांतली कितीतरी गुणसूत्रं इतकी निराळी रचलेली की एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखत नाहीत. आकडा एकच, भांडण वेगळं. दादाने गड्डा परत मातीत ठेवून पायाने दाबला. म्हणाला, एवढ्यानं काही होत नाही, फुटंल पुन्हा.

४ जानेवारी २०२५, शनिवार

शाळा सुरू. सोळाव्या वर्षी माणसाला किती भूक लागते ते विसरायला होतं. तिळगुळाला दहा दिवस असताना एकाने डबाभर रेवड्या आणल्या, दुसऱ्या तासाला संपल्या.

७ जानेवारी, मंगळवार

गेल्या महिन्यात जमवलेले आकडे फळ्यावर लिहिले. कापसाचा संकर ३९, केळी ३३, हळद ६३, खेचर ६३. सांगत होते की विषम आकडा आला की जोड्या लागत नाहीत, आणि मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. एरवी बोलत नाही, खताच्या दुकानात काम करून शिकतो. "मॅडम, मग नाकतोड्याचं काय? नराला तेवीसच असतात की, पुस्तकात हे."

बरोबर. नाकतोड्याच्या मादीला चोवीस, नराला तेवीस, कारण नराला एक्स एकच. त्याच्या बावीसांच्या अकरा जोड्या लागतात आणि एकटा एक्स कुठल्यातरी एका बाजूला जातो. निम्म्या शुक्राणूंत एक्स असतो, निम्म्यांत नसतो, आणि त्यावरच पिल्लू नर की मादी ते ठरतं. सटनने १९०२-०३ मध्ये गुणसूत्रं हीच आनुवंशिकतेची वाहक असावीत असं मांडलं, ते नाकतोड्याच्याच पेशी बघून.

फळ्यावरचं 'विषम' मी पुसलं आणि त्याच्या जागी 'जोडीदार?' लिहिलं. मग त्याला आणखी एक दिलं. मंगोलियातला रानघोडा, प्रझेवाल्स्कीचा, सहासष्टचा असतो. त्याचा आपल्या चौसष्टच्या घोड्याशी संकर झाला तर शिंगरू पासष्टचं. विषमच. पण ते वांझ नसतं, त्याला पुढे पिल्लं होतात, कारण एकाचं एक लांब गुणसूत्र दुसऱ्याच्या दोन तुकड्यांना सामावून घेतं आणि तिघांची जोडी लागून जाते.

"म्हणजे रानघोडा अन् घोडा एकच स्पेसीज का वेगळे?" त्याने विचारलं.

पुस्तकं दोन्ही लिहितात, मी म्हटलं. काही एक धरतात, काही दोन.

"पेपरात आलं तर काय लिहू?"

घंटा झाली होती. सांगितलं, तुझ्या पुस्तकात जे आहे ते लिही, आणि उद्या तासानंतर थांब, मी तुला दोन्ही बाजू दाखवते. तो थांबणार नाही, दुकान पाचला उघडतं. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत बोलवायला हवं.